इकडील सर्व ठीक

निर्ण्याच्या नाल्यावरची फरशी किशनराव मास्तरानं आणली, असं गावात कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण त्या फरशीपायी मेंबराला पत्रं लिहिली ती मी, गुलबर्ग्याला जाऊन एका बैठकीत तीन कप चहा प्यालो तो मी, आणि शेवटी धडधडीत खोटं बोललो तोही मीच. एवढ्या श्रमांचा उल्लेख कुठंतरी असावा म्हणून हे लिहायला घेतलंय.

आमच्याकडे फरशी म्हणजे शहाबादी दगडाच्या जाड लाद्या टाकून केलेला ठेंगणा पूल. पूर आला की पाणी तिच्यावरून जातं, पण माणसाला पाय रोवायला जागा राहते. आमच्या नाल्यावर तीही नव्हती. उन्हाळ्यात नाल्यातून शेळ्यासुद्धा पाय न भिजवता जायच्या आणि भादव्यात हत्ती वाहून जाईल असं पाणी यायचं. हत्ती आमच्याकडे कधी आला नाही ती गोष्ट वेगळी.

मी निर्ण्याच्या सरकारी मदरशातला एकुलता एक मास्तर. निजाम सरकारचा हुकूम होता उर्दूतून शिकवायचा, पोरं घरी कानडी बोलायची, गल्लीत मराठी बोलायची, आणि मला रागावता फक्त मराठीतच यायचं. तपासणीच्या दिवशी तिन्ही भाषा एकमेकींकडं बोट दाखवायच्या. तरी गावात लिहिता-वाचता माणूस म्हटलं की माझंच नाव निघायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

माझ्या शेजारी पिराप्पाचं घर. त्याच्या आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागं रानोमाळ हिंडले. पिराप्पाकडं आता थोडं रान, दहा-बारा मेंढरं आणि घोंगडी विणायचा माग. त्याची बायको सुभद्राबाई. मुलगा धुळाप्पा, सून अनसाबाई. फरशी व्हायच्या आदल्या भादव्यात अनसाबाई अडली होती. सुईण यल्लम्मा राहायची नाल्यापलीकडच्या वस्तीवर. सकाळी सांगावा गेला, यल्लम्मा लगोलग निघाली आणि काठावर येऊन थांबली. तेवढ्यात नाला दुथडी भरला होता. दिवस कलेपर्यंत ती म्हातारी पलीकडून ओरडून सांगत होती की बाळंतिणीला असं बसवा, तसं धरा. आणि अलीकडं पाण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं. अनसाबाई वाचली. लेकरू गेलं.

पुढच्या पाडव्याला सुभद्राबाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, अनसाला चवथा म्हयना लागलाय. महालक्ष्म्यांच्या टायमाला मोकळी व्हईल. त्या नाल्याचं कायतरी करा. तुमी लिवता-वाचता."

आता यावर नाही म्हणणारा माणूस कसला.

आदल्याच वर्षी जिल्हा बोर्डाच्या निवडणुका झाल्या होत्या. त्या निवडणुकीत माणूस राहतो कुठं यापेक्षा करतो काय, यावर त्याचा मेंबर ठरायचा. शेतकऱ्यांचा वेगळा, वकिलांचा वेगळा, व्यापाऱ्यांचा वेगळा. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी आप्पारावांना निवडून दिलं होतं. कमठाण्याकडं त्यांची शेती, पण तुरीच्या व्यापारामुळं मुक्काम बहुतेक गुलबर्ग्याला. निवडून आल्यापासून त्यांना आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्याआधीही पाहिलं नव्हतं म्हणा. मतं पिराप्पासारख्यांनी दिली ती नाव ऐकून.

मी त्यांना पहिलं पत्र लिहिलं. माझं अक्षर बरं आहे. कागद चांगला घेतला, बोरू नवा तासला आणि आपल्याकडं पत्र जसं लिहितात तसं रीतसर लिहिलं: साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व ठीक असून आपल्याकडील खुशाली कळवावी. मग ऋतुमानाविषयी दोन ओळी. मग शेवटी, थोरामोठ्यांना एकदम काम सांगणं बरं दिसत नाही म्हणून, 'नाल्याविषयी सवडीनं विचार व्हावा' असा ओझरता उल्लेख. बायकोला वाचून दाखवलं. कमलबाई म्हणाली, "छान आहे. लग्नाचं आहे का?"

महिन्यानं उत्तर आलं. बोर्डाच्या कचेरीतून, उर्दूत, शिक्क्यासकट. पारावर पंधरा माणसं जमली आणि मी मोठ्यानं वाचलं. मजकूर असा होता की, मौजे निर्णा येथील सर्व ठीक असल्याचं वाचून मेंबरसाहेबांना आनंद झाला. ते असंच राहावं.

पिराप्पा गरीब माणूस, तो म्हणाला, "म्हंजी नाला मंजूर झाला व्हय?"

मी घसा दुखतोय म्हणून घरी आलो.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या गावात पाणी बारमाही नाही, सल्ले आहेत. एक म्हणाला, पत्र तांबड्या शाईनं लिहा. दुसरा म्हणाला, पत्रावर हळद लावली ती चूक झाली. मी हळद लावली नव्हती, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. सगळ्यात जोर अंकुशरावांचा. अंकुशराव हुमनाबादच्या कचेरीत तीस वर्षं चपराशी होते. त्यांच्या हातून इतके अर्ज इकडून तिकडं गेले होते की आता ते सगळे आपणच लिहिले असं त्यांना वाटायचं.

"मास्तर, मराठीत अर्ज म्हणजे सोवळ्यात कुस्ती," ते म्हणाले. "उर्दूत पायजे. आन् आधी अल्काब पायजे. माणसाला चांगलं धा ठिकाणी मोठं म्हणायचं, मग काम सांगायचं."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. गरीबपरवर झालं, जनाबे आली झालं, दरियादिल झालं. नाल्याचं गाऱ्हाणं मांडायला बसलेल्या आम्ही दोघांनी मेंबराला दर्या करून टाकलं. दोन्ही पानं भरली. कागद एकच होता. नाला राहिला. मग अंकुशराव म्हणाले, "कडंला लिवा की." मी समासात, कागद आडवा धरून, मुंगीएवढ्या अक्षरात नाला लिहिला आणि खाली सवयीनं माझी सही ठोकली, हुद्द्यासकट.

तीच नडली. मेंबराचं उत्तर आलंच नाही. आलं ते शाळा तपासनिसाचं. मुदर्रिस, म्हणजे मास्तर, किशनराव हे शेतकरी नसून सरकारी नोकर असताना त्यांनी शेतकऱ्यांच्या मेंबराशी पत्रव्यवहार करण्याचं कारण काय, ते आठ दिवसांत कळवावं. मी घाबरून गेलो. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर कधी ठपका नव्हता. मी माफीचं पत्र लिहिलं आणि त्यातही 'इकडील सर्व ठीक' लिहून गेलो. हाताला वळणच पडलं होतं.

इकडं अनसाबाईचं पोट दिसायला लागलं होतं. ती पाण्याची घागर घेऊन आमच्या दारावरून जायची तेव्हा माझ्याकडं बघायची नाही. तिनं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

कमलबाई म्हणाली, "अवो, आता कागद पुरे झाले. जाऊन तोंडानं सांगा की. तोंडाला समास नसतो."

मग ठरलं, मी गुलबर्ग्याला जायचं. रिकाम्या हातानं कसं जायचं? पिराप्पानं माग सोडून उठून नवी कोरी घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. काळीभोर, पांढऱ्या काठाची. दोन महिने तो ती धुळाप्पासाठी विणत होता. "मेंबराला द्या," एवढंच म्हणाला.

ज्येष्ठातलं ऊन, मालमोटारीत तुरीच्या पोत्यांवर बसलेला मी आणि मांडीवर घोंगडी. गुलबर्ग्याला उतरलो तेव्हा कुणी मला ओळखलं नसतं. डाळीच्या भुशानं मी नखशिखांत पिवळा झालो होतो. धोतर झटकत आप्पारावांच्या घरी पोचलो. ओसरीवर वीस-पंचवीस माणसं. कुणी भांडत होतं, कुणी शाप देत होतं, एक जण नुसताच रडत होता. मधोमध आप्पाराव. स्थूल, घामेजलेला, दमलेला माणूस. मला वाटलं होतं तसा दर्या वगैरे काही दिसला नाही.

माझी पाळी आली. मी नमस्कार करून घोंगडी पुढं ठेवली. त्यांनी बसवलं, चहा मागवला, विचारलं, "कसं काय मास्तर, कुठलं गाव?"

"निर्णा. आपली प्रकृती बरी?"

"बरी हाय. पाऊसपाणी?"

"यायचाय अजून. घरची मंडळी?"

मंडळी बरी होती. मुलं बरी होती. बैलजोडी बरी होती. दुसरा चहा आला. त्यांच्या थोरल्या भावाच्या गुडघ्याविषयी आम्ही बोललो. तिसरा आला. मग आप्पाराव पुढं वाकले आणि म्हणाले, "मग, काय काम काढलंत?"

आता, आपल्यात रीत काय आहे? कुणी विचारलं काय काम काढलं, की म्हणायचं, काही नाही, सहज. मग समोरचा म्हणतो, सांगा हो, संकोच करू नका. मग आपण म्हणायचं, छे छे. मग तो शपथ घालतो, आणि तिसऱ्यांदा कुठं आपण काम सांगायचं. माझा बाप असाच वागला, माझा आजाही.

मी म्हणालो, "काही नाही, सहज आलो होतो दर्शनाला."

आप्पारावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लई बरं वाटलं मास्तर." आणि उठून पुढच्या माणसाकडं गेले.

ती घोंगडी तिथं, मी इथं, आणि काम पोटात. मी आणखी अर्धा तास बसून पाहिलं. पण एकदा सहज आलेला माणूस कामासाठी थांबला तर शोभतं का? मालमोटारीत परत येताना रिकाम्या पोत्यांवर बसून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या मात्र अस्सल होत्या, त्यांत अल्काब नव्हते.

गावात शिरलो तर सुभद्राबाई वेशीवरच उभी. सकाळपासून उभी होती म्हणे. "काय म्हनले मेंबर?"

खरं सांगायला तोंड उघडलं. तिच्या मागं अनसाबाई दिसली, कमरेवर हात देऊन उभी. माझ्या तोंडून निघालं, "करतो म्हणाले."

सुभद्राबाई तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मला वाटलं जमीन दुभंगावी. मग ती उठली, घरी गेली आणि गूळ घेऊन घरोघर वाटत सुटली. नाल्यापलीकडं यल्लम्मालासुद्धा पाठवला. कमलबाईला मी खरं सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता यल्लम्मा काय तुमच्या शब्दावरून नाला ओलांडनार हाय?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सुभद्राबाई आली. "गुरुजी, मेंबराला पत्र लिवायचं."

"आता कशाला?"

"कशाला म्हंजी? येवढं करायलाय तो मानूस, त्याचं नाव घ्याया नको? लिवा."

तिला टाळणं शक्य नव्हतं. मी बोरू घेतला आणि हात आपोआप चालू झाला: विनंती विशेष, इकडील सर्व ठीक...

"काय लिवलंय वाचा."

वाचलं.

"सर्व ठीक कुटं हाय गुरुजी?" ती म्हणाली. "सर्व ठीक असतं तर पत्र कामून लिवलं असतं? खोडा ते. मी सांगते तसं लिवा."

मी खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य खोडलं. आणि तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडं आहे.

'आप्पाराव अण्णाला निर्ण्याच्या सुभद्राबाईचा नमस्कार. मी पिराप्पाची बायको, घोंगडी त्यानंच विनली. आमचं मत तुमाला होतं. आमच्या गावात आन् यल्लम्मा सुईनीच्या वस्तीत नाला हाय. गेल्या भादव्यात माज्या सुनंला कळा सुटल्या, यल्लम्मा पल्याड उभी, सून अल्याड, मदी पानी. नातू गेला. आता सून पुन्ना गरवार हाय, महालक्ष्म्यांना मोकळी व्हईल. त्याच्या आदी तितं फरशी टाकतो म्हनून तुमी गुरुजींना बोल दिला. तुमचे उपकार हायत. लाद्या आल्या की बसवायला गावातली चाळीस मानसं येतील, मी सांगितलंय. तुमच्या लेकराबाळांना बरं ऱ्हावो.'

खाली तिचा अंगठा. माझी सही नव्हती, तेवढी अक्कल आली होती.

पत्र टाकलं आणि मी आजारी पडलो. खरोखरच पडलो, सोंग नव्हतं. ज्यानं बोल दिला नाही त्याला बोलाबद्दल आभाराचं पत्र माझ्या हस्ताक्षरात गेलं होतं. आता तपासनीस काय, कोतवालच येईल असं मला वाटायचं. मोटारीचा आवाज आला की मी पांघरूण ओढून घ्यायचो.

आठव्या दिवशी मोटार आली. नाल्यापाशी थांबली. निरोप आला, मेंबरसाहेब आलेत, मास्तरला बोलावलंय.

गेलो. आप्पाराव नाल्याच्या काठावर उभे. ज्येष्ठातल्या त्या उन्हात त्यांच्या खांद्यावर पिराप्पाची घोंगडी. अर्धं गाव माझ्याआधी पोचलेलं. आप्पारावांनी खिशातून पत्र काढलं आणि हळूच मला विचारलं, "मास्तर, मी कवा म्हनलो हे?"

मी म्हणालो, "साहेब, चूक माझी..."

तेवढ्यात सुभद्राबाई गर्दीतून पुढं आली. तिला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. तिनं वाकून मेंबराच्या पायावर डोकं ठेवलं. मग उठून त्यांना हाताला धरूनच नाला ओलांडून पलीकडं नेलं, आम्ही मागोमाग. "हितं यल्लम्मा उबी हुती अण्णा, ह्या बाभळीखाली. दिसभर. आन् ते आमचं घर, ते पांढऱ्या भितीचं. हितनं दिसतंय बगा, किती जवळ हाय." बाभळीपासून घर खरंच जवळ होतं. मधे कोरडा नाला, त्यात दोन शेळ्या.

आप्पारावांनी बाभळीपासून त्या घरापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. ते आता काय बोलतील त्यावर माझं गावातलं तोंड अवलंबून होतं, आणि खरं म्हणजे माझं तोंड ही त्यातली अगदी लहान गोष्ट होती.

ते वळले. माझ्याकडं पाहिलं. मग सुभद्राबाईला म्हणाले, "व्हय अक्का. म्हनलो हुतो मी. माज्या ध्यानातनं गेलं हुतं. बरं झालं तू लिवलीस."

मी त्या माणसाचे उपकार कधी विसरणार नाही. फरशीचे नंतर. आधी त्या एका वाक्याचे.

जाताना त्यांनी मला मोटारीपाशी बाजूला घेतलं. म्हणाले, "मास्तर, मेंबर झाल्यापसनं मला शेकड्यानं कागद आले. शिव्याचे आले, सलामाचे आले. आभाराचं हे पैलंच. आन् काय पायजे, कुटं पायजे, कवापतुर पायजे, हे बी एका कागदावर पैल्यांदाच वाचलो. तुमचे दोन कागद मिळाले हुते, पन त्यात काय पायजे ते घावलं न्हाई." मग घोंगडीवर हात फिरवत म्हणाले, "आन् ही. मानूस एवढी चीज देतो आन् काम सांगत न्हाई, म्हंजी रातभर झोप लागंल का? पुन्ना सहज येऊ नका."

पुढं बोर्डात त्यांना किती भांडावं लागलं ते मला नंतर कळलं. एक मेंबर म्हणाला, नाला शेतकऱ्यांचा नाही, तो रस्त्याच्या खात्याचा. दुसरा म्हणाला, सुईण हा शेतीचा विषय नाही. आप्पारावांनी म्हणे सुभद्राबाईचं पत्रच भर सभेत वाचून दाखवलं, आणि पुढं कुणी विषय काढला नाही. आषाढ लागायच्या आत लाद्या आल्या. चाळीस म्हणून सांगितलेली माणसं साठ आली. अंकुशरावांनी प्रत्येक लादी कशी बसवावी ते सावलीत बसून सांगितलं आणि पोरांनी उलट बसवली, म्हणून ती नीट बसली. मीही चार टोपल्या वाळू वाहिली. कमलबाईनं त्या मोजल्या आणि त्या दिवशी जेवायला वाढताना माझ्याशी नीट बोलली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच सकाळी अनसाबाईला कळा सुटल्या. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. नाला गढूळ होऊन फरशीवरून वाहत होता. आम्ही सगळे अलीकडं. पलीकडं, त्याच बाभळीखाली, यल्लम्मा आली. मला वाटलं थांबेल. तिनं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, काठी टेकली आणि पाणी कापत फरशीवर पाय टाकला. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. पिराप्पानं अलीकडून दोर टाकला. तिनं तो धरला नाही. मधे एकदा थांबून ती आमच्यावरच खेकसली, "असं बगत काय उबे ऱ्हायलाव, पानी तापवायला कुनी गेलंय का न्हाई?" पाणी तापवायला साठातली निम्मी माणसं पळाली.

दुपारी मुलगी झाली. रडणं आमच्या अंगणात ऐकू आलं. कमलबाई महालक्ष्म्यांपुढची पुरणपोळी तशीच टाकून धावली. मी ओट्यावर बसून राहिलो. मला रडू येत होतं, आणि अंकुशराव शेजारी बसून सांगत होते की मुळात उर्दूत अर्ज केला म्हणूनच हे झालं. मी म्हणालो, खरं आहे.

संध्याकाळी सुभद्राबाई आली. म्हणाली, "गुरुजी, मेंबराला लिवा."

मी बोरू घेतला. "सांगा."

ती दारात उभी राहून विचार करत होती. हात चुलीच्या राखेनं भरलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "आता तुमचं ते लिवा की. खोडलेलं."

मी लिहिलं, 'इकडील सर्व ठीक.' आणि खाली तिचा अंगठा घेतला. पुढं लिहायला काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी आप्पारावांचं उत्तर आलं. कचेरीचं नव्हे, स्वतःच्या हातचं, मराठीत, वेडंवाकडं. 'मास्तर, सर्व ठीक म्हणजे खरंच ठीक का पूर्वीसारखं? नाहीतर येऊन बघतो.'

मी उलट टपाली कळवलं: 'खरंच ठीक. तरी या. मुलीला बघायला या. काम काही नाही, सहज या.'